तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवावं लागतं तेव्हा

२३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. विषय प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांचा होता. भोंगा लावणं हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि बातम्यांचे मथळे त्याच वाक्यावर बेतले गेले. ते वाक्य तसं नवं नव्हतं. २०१६ मध्ये याच न्यायालयाने ते सांगितलं होतं. त्याआधी २००० मध्ये चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं होतं की इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा, असं कोणताच धर्म सांगत नाही. माझं लक्ष मात्र त्या निकालातल्या दुसऱ्याच एका सूचनेने वेधलं. आवाजाची तक्रार आली तर तक्रारदाराची ओळख पटवत न बसता पोलिसांनी कारवाई करावी आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नये, कारण ते कळलं तर लोक त्याच्यावर डूख धरतील.

एरवी अशी काळजी टोळीविरुद्ध साक्ष देणाऱ्याची घेतली जाते. इथे माणूस मागतोय काय, तर रात्री दहानंतर झोप. तेवढ्यासाठी त्याचं नाव झाकून ठेवा, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाला लिहावं लागलं. न्यायालयाने यात तिळमात्र अतिशयोक्ती केलेली नाही, हे मुंबईत राहणाऱ्या कुणालाही कळेल.

रात्रीचे साडेदहा झालेले असतात. घरात कुणी आजारी असतं, कुणाची पहाटेची पाळी असते, कुणाची दहावीची परीक्षा. ११२ वर फोन जातो. बीट मार्शल येतात, मांडवाशी मोटारसायकल उभी करतात आणि म्हणतात, "जरा कमी करा रे, समोरच्या बिल्डिंगमधून, चौथ्या मजल्यावरून फोन आलाय." आवाज दहा मिनिटं उतरतो. सकाळी जिन्यात प्रश्न येतो, "तुम्हालाच एवढा त्रास होतो का हो? बाकी कुणी काही बोललं नाही." पुढे वर्गणीच्या वेळी टोमणा, पार्किंगवरून कुरबुर, वाढदिवसाला त्या घरातल्या मुलाला न बोलावणं. मशिदीच्या गल्लीत हेच घडतं, फक्त शब्द वेगळे. पाचही वेळा नमाज पढणारी बाईसुद्धा तान्हं बाळ दचकून उठतं म्हणून ट्रस्टच्या माणसांकडे जायला धजत नाही. तिला त्याच गल्लीत राहायचंय, उद्या मुलीची सोयरीकही तिथल्याच माणसांच्या मध्यस्थीने जुळवायची आहे.

नियम अवघड नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा. डेसिबलचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो साध्या बेरजेचा नाही. दर १० डेसिबलमागे ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ च्या जागी मीटरवर ८५ दिसले तर ती ऊर्जा मर्यादेच्या हजारपट असते. "थोडासाच जास्त आहे" हे उत्तर म्हणूनच खोटं आहे. एका ठिकाणी अनेक भोंगे असतील तर सगळ्यांचा मिळून आवाज मोजायचा, हेही २०२५ च्या निकालाने स्पष्ट केलं. त्यानंतर धार्मिक स्थळांवरचे सुमारे दीड हजार भोंगे उतरवल्याचं मुंबई पोलिसांनी जाहीर केलं. चांगलं झालं. तोच मीटर दहीहंडीला, गणपतीला, उरुसाला, नवरात्रात आणि जयंतीच्या मिरवणुकीतही बाहेर निघाला पाहिजे. तसं झालं नाही तर आज ज्यांचे भोंगे उतरले ते म्हणतील की कायदा आमच्यापुरता होता, आणि त्यांना खोडून काढता येणार नाही.

धर्माच्या नावावर साक्षीदाराचं तोंड बंद करणं या शहराला नवीन नाही. करसनदास मुळजी हे इथले गुजराती पत्रकार. विधवाविवाहाच्या बाजूने निबंध लिहिला म्हणून तरुणपणी त्यांना घर सोडावं लागलं होतं. १८६० मध्ये 'सत्यप्रकाश' या आपल्या पत्रात त्यांनी पुष्टिमार्ग या वैष्णव संप्रदायातल्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, स्त्रीभक्तांशी असलेल्या वर्तनावर कडक लेख लिहिला. करसनदास स्वतः त्याच संप्रदायातल्या घरातले. धर्माशी त्यांचं वैर नव्हतं. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा बदनामीचा दावा लावला. खटला उभा राहण्याआधीच भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन ठराव केला की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला जातीबाहेर काढायचं. करसनदास या ठरावाविरुद्ध न्यायालयात गेले. न्यायाच्या कामात अडथळा आणण्याचा कट केला म्हणून त्या पुढाऱ्यांना दोषी ठरवलं गेलं, दंड झाला. मग साक्षीदार उघडपणे पुढे आले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, ज्यांचं नाव आज भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे. महाराजांच्या लैंगिक आजाराबद्दल त्यांनी वैद्यकीय साक्ष दिली. २२ एप्रिल १८६२ च्या निकालात न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी म्हटलं की आपल्यापुढचा प्रश्न धर्मशास्त्राचा नाही, नीतीचा आहे. नीतीने जे वाईट ते धर्माने चांगलं ठरू शकत नाही.

परक्या सरकारच्या न्यायालयाने तेव्हा धमकावणाऱ्यांना शिक्षा केली आणि साक्षीदाराला नावानिशी उभं केलं. आज आपल्याच न्यायालयाला साक्षीदार लपवण्याची व्यवस्था सांगावी लागते. ती आज आवश्यक आहे आणि पोलिसांनी ती काटेकोर पाळलीच पाहिजे. पण तेवढ्यावर थांबलो तर आपण मान्य केल्यासारखं होईल की धर्माच्या बाबतीत समूहापुढे एकट्या माणसाने तोंड लपवूनच जगायचं. माझं भांडण नेमकं याच गृहीतकाशी आहे. सार्वजनिक जीवनातला धर्माचा प्रश्न आपण नेहमी हिंदू विरुद्ध मुसलमान असाच मांडतो. खरी कोंडी होते ती प्रत्येक समाजाच्या आत आणि कडेला उभ्या असलेल्या एकट्या माणसाची, आणि नागरी स्वातंत्र्य आहे ते त्याच्यासाठी.

बाबासाहेबांनी हे संविधान सभेत मसुदा मांडतानाच सांगून टाकलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात ते म्हणाले की मसुद्याने गाव हा घटक बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक स्वीकारला, याचा आपल्याला आनंद आहे. त्यावर त्यांना बरीच टीका सोसावी लागली. पण महाडच्या तळ्यावर आणि काळारामाच्या दारात ज्याने समूहाच्या रूढीचा मार अनुभवला, तो समूहाच्या हाती हक्कांची किल्ली देईलच कशी? पुढे २ डिसेंबरला ते म्हणाले की या देशात धर्माची कल्पना इतकी अफाट आहे की जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं आयुष्य ती व्यापते; ती सगळीच्या सगळी संरक्षित केली तर सामाजिक सुधारणेचा कोणताही कायदा करता येणार नाही. पंचविसाव्या अनुच्छेदात सदसद्विवेकाचं आणि धर्माचरणाचं स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिलं आहे, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन राहून. धर्मसंप्रदायांचे हक्क त्यानंतरच्या सव्विसाव्या अनुच्छेदात येतात.

या दोन अनुच्छेदांची टक्कर मुंबईतूनच झाली. जातीतून वा पंथातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा मुंबई प्रांताने १९४९ मध्ये केला. त्याला दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी, म्हणजे धर्मप्रमुखांनी, आव्हान दिलं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा संप्रदायाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे, असं बहुमताचं म्हणणं होतं. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळ्या मताचे होते. बहिष्कृत माणसाला समाजाची मशीद नाही, दफनभूमी नाही, आप्तांशी संबंध नाहीत. अशी अवस्था करणं हा नुसता धर्माचा मामला कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मला त्यांचंच बरोबर वाटतं. बोहरा सुधारकांची बाजू मुंबईतून आयुष्यभर लढवणारे असगर अली इंजिनिअर यांनी बहिष्कार सोसला, हल्लेही सोसले. त्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवला गेला आहे.

मराठी वाचकाने हा बोहऱ्यांचा घरगुती प्रश्न समजू नये. रायगडात गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी एकामागून एक आल्या, त्यातली कितीतरी घरं मुंबईत नोकरी करून गणपती-शिमग्याला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांची. पालखी दारात येणार नाही, दुकानदार मीठ देणार नाही, मयताला कुणी येणार नाही. त्यातूनच महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. तो गावकीला लागू करायचा आणि पंथाला नाही, असं चालणार नाही. पंथाला लागू करायचा आणि गावकीला नाही, असंही नाही.

आता भावना दुखावण्याच्या कायद्याकडे येतो. भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ आलं १९२७ मध्ये, लाहोरच्या एका पुस्तिकेवरून उसळलेल्या वादानंतर. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर चर्चा झाली तेव्हा मुंबईचे प्रतिनिधी असलेल्या जिनांनी इशारा दिला होता की इतिहासाचं संशोधन करणाऱ्यांना, सत्याचा शोध घेणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण मिळालंच पाहिजे. म्हणून कलमात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' ही अट आली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं तेही याच अटीच्या आधारावर. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पोलीस ठाण्यात ही अट कुणी वाचतो का?

मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्यात, इर्ल्याच्या वेलंकनी मातेच्या चर्चपाशी क्रुसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. लोक जमले, ते पाणी भांड्यांत धरू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू तिथे गेले. मूर्तीमागची भिंत त्यांनी तपासली, जवळच्या सांडपाण्याच्या वाटेत तुंबलेलं पाणी पाहिलं. दिव्याच्या वातीतून तेल वर चढतं तसं ते पाणी भिंतीतून आणि क्रुसाच्या लाकडातून चढतं आणि खिळ्याच्या छिद्रापाशी बाहेर पडतं, असं त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं. शाळेच्या विज्ञानात शिकवली जाणारी ही केशाकर्षणाची क्रिया. सांडपाणी तीर्थ म्हणून पिऊ नका, एवढं सांगणाऱ्या माणसाचे खरं तर आभार मानायला हवे होते. त्यांच्यावर २९५-अ खाली तक्रारी दाखल झाल्या आणि अटकेच्या धास्तीने ते त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे संविधानाने नागरिकाचं कर्तव्य म्हणून सांगितलेलं आहे. ते कर्तव्य त्यांनी मुंबईत पार पाडलं आणि देश सोडण्याची वेळ त्यांच्यावर आली.

जानेवारी २०१५ मध्ये 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंगचित्र साप्ताहिकावर झालेल्या हल्ल्यानंतरच्या बातमीसोबत त्या साप्ताहिकाचं पैगंबरांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ छापलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माफी मागितली. तरी वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत तक्रारी झाल्या, त्यांना मुंब्य्रात अटक झाली, जामीन मिळाला, पण आवृत्ती बंद पडली. उर्दू पत्रकारितेतली एक स्त्री संपादक तिच्याच समाजातल्या तक्रारदारांमुळे रातोरात बेकार झाली, आणि समाजाबाहेरच्या स्वातंत्र्यप्रेमींपैकी फार थोडे तिच्यासाठी बोलले.

आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर. जादूटोणाविरोधी कायदा आला तर वारी बंद होईल, सत्यनारायण घालता येणार नाही, असा प्रचार वर्षानुवर्षं चालला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. वारी दरवर्षी निघते आहे. सत्यनारायण घरोघर होतो आहे. २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि खुनामागचा खरा मेंदू कोण, हे न्यायालयापुढे सिद्ध झालं नाही. दुखावलेल्या भावनेला शस्त्राचा अधिकार आहे असं मानणारी माणसं आपल्यात आहेत. पोलीस ठाण्यात बेफिकीरपणे दाखल होणारा प्रत्येक 'भावना दुखावल्या'चा गुन्हा त्यांचं म्हणणं थोडं थोडं खरं करत जातो.

यावर उपाय करायला संविधान बदलावं लागत नाही. या कलमाखाली न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. ती अटकेच्या आधी लागत नाही, ही मोठी फट आहे, आणि सगळी शिक्षा त्या फटीतच भोगून होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ने मात्र एक वाट दिली आहे: तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले इमरान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या गुन्ह्यांत ही वाट वापरली पाहिजे. त्याच निकालात नागपूर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याआधी घालून दिलेली कसोटी पुन्हा सांगितली गेली. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने; जागोजागी धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नाही. ही कसोटी विदर्भाच्या मातीतली आहे. ती मुंबईच्या प्रत्येक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर छापून ठेवली पाहिजे.

आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या बाबतीत आपण काय करतो, यावर आपलं स्वातंत्र्यप्रेम ओळखू येतं. एप्रिल २०२२ मध्ये खासदार नवनीत राणा आणि आमदार रवी राणा यांनी 'मातोश्री'समोर हनुमान चालिसा म्हणण्याची घोषणा केली. त्यांचं ते राजकारण मला मुळीच पटलं नाही. दुसऱ्याच्या दारात जाऊन स्तोत्र म्हणण्याचा हट्ट हा भक्तीचा भाग नसतो, ती चिथावणी असते. पोलिसांनी त्यांना अडवावं, नोटीस द्यावी, बंदोबस्त लावावा. कायद्यात त्याची पुरेशी सोय आहे. तेव्हाच्या सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचं कलम लावलं. २३ एप्रिलला अटक झाली, ४ मे रोजी सत्र न्यायालयाने जामीन देताना म्हटलं की त्यांचे शब्द आक्षेपार्ह असले तरी राजद्रोह होत नाही. पुढच्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ कलमच स्थगित ठेवलं. त्या दिवसांत राजद्रोहाच्या कलमाविरुद्ध एरवी हिरिरीने लिहिणारे माझ्या ओळखीतले अनेक जण गप्प बसले, काही तर खूश झाले. त्याच्या वर्षभर आधी मुंबईत राहणारा विनोदी कलाकार मुनव्वर फारुकी इंदूरमध्ये महिन्याहून जास्त तुरुंगात राहिला, तेव्हा दुसरा गट खूश होता. दोन्ही वेळी चूक होती. दोन्ही वेळी जो बोलला नाही, त्याला तिसऱ्या वेळी स्वतःसाठी बोलणारं कुणी मिळणार नाही.

तक्रारदाराचं नाव लपवा, असं न्यायालय सांगतं. सरकार मात्र दुसऱ्या एका बाबतीत स्वतःहून नावं फलकावर लावतं. वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांना आपापला धर्म न सोडता लग्न करायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा हाच मार्ग. त्यासाठी नोटीस द्यावी लागते, ती विवाह निबंधकाच्या कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. फोर्टच्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये नोटीस देऊन बाहेर पडणाऱ्या मुलीच्या पोटात काय कालवत असेल, याचा विचार करा. तिचं नाव, पत्ता, होणाऱ्या नवऱ्याचं नाव महिनाभर तिथे असणार. कुणी फोटो काढेल, कुणी घरी फोन करेल, कुणी संघटनेला कळवेल. वैदिक पद्धतीने किंवा निकाहाने लग्न करणाऱ्या जोडप्याला ही वाट बघावी लागत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशी नोटीस लावणं ऐच्छिक ठरवलं, तसं महाराष्ट्रातही व्हायला हवं. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केलं काय, तर आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. सज्ञान माणसाने कुणाशी लग्न करावं हे ठरवण्याचा समाजाचा दावा पूर्वी जातपंचायत करायची. आता तो दावा सरकारी निर्णयाच्या कागदावर येतो आहे, आणि मला त्याची भीती वाटते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. धर्म रस्त्यावरून काढून घरात कोंबायचा, असंच तुम्हाला म्हणायचं आहे का? अजिबात नाही. माउंट मेरीची जत्रा, माहीमच्या मखदूम बाबांचा उरूस ज्यात संदलाचा मान मुंबई पोलिसांचा असतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणारा जनसागर, गिरगावातून निघणारी विसर्जनाची मिरवणूक: हे सगळं काढून घेतलं तर ही मुंबई राहणार नाही. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, टिळकांनी उत्सवाला बळ दिलं, तेव्हा लोकांनी जमण्याचा, मिरवण्याचा आणि व्याख्यानं ऐकण्याचा हक्कच बजावला होता. त्याच टिळकांना 'केसरी'तल्या लेखांसाठी जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा दिली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. उत्सवाचा हक्क आणि लिहिण्याचा हक्क त्या काळी एकाच माणसाच्या अंगावर होते. आज उत्सव मांडणारे लिहिणाऱ्याच्या घरावर मोर्चा नेतात, तेव्हा ते टिळकांचा वारसा सांगू शकत नाहीत.

२०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. मला गणपती मनापासून आवडतो, तरीही हा निर्णय बरा वाटला नाही. सरकार स्वतःच उत्सवाचं यजमान झालं की चौथ्या मजल्यावरून आलेला फोन उचलणाऱ्या हवालदाराला आपण कुणाच्या बाजूने उभं राहायचं, हे आपोआप कळतं.

या शहरात आशेची उदाहरणं आहेत. हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ देत होते. २०१२ च्या सुमाराला ट्रस्टने ते बंद केलं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या झकिया सोमण आणि नूरजहाँ सफिया नियाझ न्यायालयात गेल्या, नावानिशी गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, ट्रस्टने तो अखेर मान्य केला आणि त्या नोव्हेंबरात बायका पुन्हा मजारीपाशी पोचल्या. त्याच वर्षी शनिशिंगणापूरचा चौथराही खुला झाला. दोन्ही ठिकाणच्या बायकांना त्यांच्याच धर्मातले लोक 'बाहेरच्यांच्या सांगण्यावरून' हे चाललंय म्हणून हिणवत होते. त्या श्रद्धाळू होत्या. त्यांना देवाच्या आणि पीराच्या जवळ जायचं होतं, एवढंच.

प्रत्येक मोठ्या सणाआधी मुंबईच्या पोलीस ठाण्यांत शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे अध्यक्ष येतात, मशिदींचे विश्वस्त येतात, चर्चचे प्रतिनिधी येतात, नगरसेवक आणि शाखेची माणसं येतात. चहा होतो, मिरवणुकीचे मार्ग ठरतात, एकमेकांच्या वेळा सांभाळून घेतल्या जातात. ज्याच्या मागे मंडळही नाही आणि ट्रस्टही नाही, तो त्या खोलीत नसतो. पुढच्या बैठकीला पोलिसांनी तिथे तीन गोष्टी वाचून दाखवाव्यात: मागच्या सणात कुठल्या मांडवापाशी आणि कुठल्या भोंग्यापाशी किती डेसिबल मोजले गेले, किती तक्रारी आल्या आणि त्यावर काय झालं, आणि एखाद्या तक्रारदाराला त्रास दिला गेला तर त्याबद्दल कुणावर गुन्हा दाखल झाला. पहिल्या दोन गोष्टींची नोंद ठाण्यात असायलाच हवी. तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसेल, तर पोलीस निरीक्षकांनी समोर बसलेल्या अध्यक्षांना आणि विश्वस्तांना तिथल्या तिथे सांगावं की यंदा तो रकाना कोरा राहणार नाही.